नको म्हणेल तो खरा

आमच्या घरी दोन तऱ्हेची माणसं येत. काही दारातून आत यायची, आणि काही नुसतीच असायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले आणि आम्ही कॉलनीतलं क्वार्टर सोडून बदलापूरला राहायला गेलो. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. सोनिवलीच्या बाजूला तेव्हा शेतांमध्ये इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. आमची इमारत चार मजल्यांची, आणि तिच्यात राहणारी बिऱ्हाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे फ्लॅट मुंबईच्या लोकांनी घेऊन कुलूप घालून ठेवलेले. जिना चढताना बंद दारांवर नावाच्या पाट्या दिसायच्या, पण त्या नावांची माणसं आम्ही कधी पाहिली नाहीत. कुठल्यातरी रिकाम्या फ्लॅटमध्ये नळ गळायचा. दुपारी सगळं शांत झालं की तो आवाज भिंतीतून यायचा. आईने आणि मी दारादाराला कान लावून तो नळ शोधला, सापडला नाही. मला ती इमारत पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती आणि तसं मी तोंडावर बोललेही होते. पण अण्णांनी फंडाचे पैसे घालून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर घेतलं होतं. तिथे माझ्या आवडीला कोण विचारतो!

अण्णांचा आजार खरं तर कारखान्यातच सुरू झाला होता, पण तो आजार आहे हे कुणाला कळलं नाही. ते तपासणी खात्यात होते. मशीनवरून उतरलेला लोखंडी तुकडा मापात आहे की नाही हे बघायचं त्यांचं काम. त्यासाठी दोन तोंडांचं एक साधन असायचं. तुकडा एका तोंडातून सहज गेला पाहिजे आणि दुसऱ्या तोंडाशी अडला पाहिजे. तरच तो पास. हे काम त्यांनी जन्मभर केलं आणि जगाकडे बघायची त्यांची रीतही तीच झाली. भाजी असो, शेजारी असो, मला बघायला आलेला मुलगा असो, अण्णा त्याला मनातल्या मनात दोन्ही तोंडांतून घालून बघायचे. मुलगे बहुतेक नापास व्हायचे. ते माझ्या पथ्यावरच पडलं, कारण मलाही त्यातलं कुणी पसंत नव्हतं.

मग तुकडा साधनाशी नेताना त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. सही बारीक होत होत मुंगीएवढी झाली. चालताना एक हात हलेना, एक पाय घासायला लागला. खांदा दुखतो म्हणून तेलं झाली, कंपवात म्हणून काढे झाले. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना नुसतं चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली आणि पार्किन्सन असं नाव सांगितलं. आई घरी पोचेपर्यंत ते नाव विसरली. पुढे ती कायम 'तो मुंबईवाला आजार' म्हणत राहिली, जणू आजारही तिथून सामान घेऊन आमच्याकडे राहायला आला होता.

थरथरणारा हात लोकांना दिसतो. मला भीती वाटली ती चेहऱ्याची. अण्णांचा चेहरा हळूहळू थांबला. रागावले तरी तोच चेहरा, हसले तरी तोच. पापणी लवायची विसरून जायची. आवाज बसत बसत पुटपुटण्याइतका झाला. गोळी घेतली की मात्र थोड्या वेळाने माणूस परत यायचा. खुर्चीतून आपला आपण उठायचा, गॅलरीपर्यंत जाऊन यायचा, शर्टाची बटणं स्वतः लावायचा. बटणांसाठी आईने हात पुढे केला तर अण्णांना चालायचं नाही. ती बटणं म्हणजे त्यांची सगळी इज्जत होती. गोळीचा असर उतरला की बसल्या जागी लाकूड. असं होता होता डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या, आणि त्यानंतर ती माणसं यायला लागली.

मी अंबरनाथला प्राथमिक शाळेत शिकवायची. सकाळची शाळा, त्यामुळे दुपारी घरी. एका दुपारी मी आले, चपला काढल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत टेकणार, तोच अण्णा म्हणाले, "तिथं नको. बसलेत."

"कोण बसलंय?"

"ओळखीचे नाहीत."

मी खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. अण्णा अगदी शांतपणे, एखादा तुकडा तपासावा तसं सांगायला लागले. सावळा माणूस आहे, माझ्याहून थोडा लहान. मांडीवर छत्री आडवी धरलीय. छत्री कोरडी आहे. कॉलरचा धागा सुटलाय. माझ्याकडे बघत नाही, खाली फरशीकडे बघतोय, रेशनच्या ऑफिसात बसल्यासारखा. मी विचारलं, तो काही बोलतो का? तर म्हणाले, नाही, आणि तू ओरडू नकोस, बरं दिसत नाही.

मी ओरडत नव्हते. पण त्या दिवशी त्या खुर्चीत बसलेही नाही.

मग एक बाई यायला लागली. ती खिडकीशी पाठमोरी उभी राहायची, तिचं तोंड अण्णांनी कधी पाहिलं नाही. मग टेबलाखाली दोन लहान मुलं. ती खेळत नसत, नुसती गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असत. आई फरशी पुसायला वाकली की अण्णा म्हणायचे, "सांभाळून, पोरांना लागेल." आईने सुरुवातीला कपाळावर हात मारून घेतला. काही दिवसांनी मी बघते तर ती टेबलाखालचा भाग सोडून पुसत होती.

खालच्या मजल्यावरच्या बाईंना हे कळलं. त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, ही जमीन आधी कुणाची होती ते बघा, बाहेरचं असणार, सोनिवलीत एक भगत आहे, एकदा दाखवून आणू. आई वर आली ती विरघळलेलीच. तिने विषय काढायचा अवकाश, अण्णा पुटपुटले, "धर्मांतराच्या दिवशी तू काय काय म्हणालीस माझ्या शेजारी उभी राहून? आठव जरा." आईने भगताचं नाव पुन्हा काढलं नाही. भूतबीत अण्णांनी कधी मानलं नाही आणि त्या माणसांनाही ते भुतं म्हणत नसत. "माझ्या डोळ्याचं माप चुकतंय," एवढंच म्हणायचे.

खरी अडचण वेगळीच होती. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं की भलतंसलतं काही दिसायला लागलं तर लगेच सांगा, ते गोळीमुळे असतं, गोळी कमी करावी लागेल. गोळी कमी झाली म्हणजे माणसं जाणार, आणि त्यांच्याबरोबर अण्णांचं चालणंही जाणार. अण्णांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "सांगायचं नाही. मला ठाऊक आहे कोण खरं आणि कोण नाही. ज्या दिवशी मला ते कळणार नाही, त्या दिवशी सांग."

मी कबूल केलं. त्यांना स्वतः बटणं लावताना बघून मला फार बरं वाटायचं. त्या बदल्यात घरात चार अनोळखी माणसं सांभाळायची माझी तयारी होती.

आणि अण्णांनी माप शोधून काढलं होतं. चहाचं.

आमच्याकडे कुणीही आलं की अण्णा पहिलं वाक्य बोलायचे, "चहा घेणार?" हे त्यांचं पूर्वीपासूनचं. पण आता त्याला काम मिळालं. आपल्याकडे कुठलाही खरा माणूस चहाला लगेच हो म्हणत नाही. "नको नको, आत्ताच घेऊन निघालोय," म्हणतो, हात हलवतो, आईने कप पुढे केला की "तुम्ही ऐकणार थोडंच" म्हणत घेतो. ती माणसं काहीच म्हणायची नाहीत. तेव्हा नको म्हणेल तो खरा. विम्याचा एजंट नको म्हणाला, पास. सिलिंडरवाला नको म्हणाला, पास. मी शाळेतून आले की मलाही रोज विचारायचे आणि मी जीव दमलेला असताना रोज नको म्हणायची आणि मग दोन कप प्यायची. अण्णांना आपल्या मापाचा अभिमान होता. चेहऱ्यावर दिसायचा नाही, पण मला कळायचा.

दिवस तसे बरे चालले होते, पण मला भीती वाटायची, हे सांगितलंच पाहिजे. वर्गात मुलांना भुतंखेतं नसतात म्हणून छातीठोकपणे सांगणारी बाई मी, घरी केर काढताना खुर्चीशी आले की तोंडातून "जरा सरका" निघून जायचं. एकदा आई बुद्धविहारात गेली होती, अण्णा डुलकी घेत होते, आणि मी वह्या तपासत होते. भिंतीतला नळ गळत होता. मग लक्षात आलं की बराच वेळ मी अंग चोरून, खिडकीकडे पाठ होणार नाही अशी बसले आहे. मान वर केली तर अण्णा डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते. पापणी न लवता, न हलता. ते जागे आहेत की नाहीत हेही कळेना. त्या क्षणी त्या घरात मला कुणाची भीती वाटली असेल तर ती माझ्या बापाची वाटली. मी उठून त्यांच्या गालाला हात लावला तेव्हा ते म्हणाले, "काय गं?" मला रडू आलं.

अण्णांची ती गोळी बदलापुरात मिळायची नाही. मी उल्हासनगरला एका औषधाच्या दुकानातून आणायची. तिथे एक सिंधी भाभी भेटली. दुकानात एकच पाकीट उरलं होतं आणि आम्ही दोघींनी एकदमच गोळीचं नाव घेतलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दुकानदाराने पट्ट्या दोघींत वाटून दिल्या. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुमच्या घरी कोण आहे? आमचे ससरे आहेत. पंधरा मिनिट बोलायला गेला तर अर्धा शब्द निघतो. पहिले दुकानात गिऱ्हाइकाला सोडायचे नाही, एवढे बोलायचे."

त्यांचं बटणं, लेस आणि चेनचं दुकान होतं. सासरे लहानपणी आईबापांबरोबर सिंधमधून आले, बराकीत वाढले, खांद्यावर पेटी घेऊन बटणं विकत दुकानापर्यंत पोचले. आता ते दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीकडे बघत बसून असायचे. भाभीला मनमोकळं बोलायला कुणी नव्हतं, मलाही नव्हतं. रस्त्यातच उभ्या राहून आम्ही बोललो. रात्री कुशीवर कसं वळवायचं, दारात पाय चिकटले तर काय करायचं, जेवताना ठसका लागू नये म्हणून मान कशी धरायची. तिनेच हळू आवाजात विचारलं, "टीचर, तुमच्या वडिलांना पण लोक दिसतात?" मी हो म्हणाले. तिने माझा हात असा धरला की माझ्या बांगड्या रुतल्या.

मग आम्ही ठरवलं की या दोघांची गाठ घालून द्यायची. बायका भेटून एवढ्या हलक्या होतात, तर पुरुषांनी काय घोडं मारलंय? अण्णांना मी सांगितलं की रविवारी चार वाजता उल्हासनगरहून एक काका येणार आहेत, त्यांनाही हाच आजार आहे. अण्णांनी दोनदा विचारलं, "हाच?" त्यांना इतकं उत्सुक मी कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं. शनिवारी त्यांनी आईकडून पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला.

रविवारी आई अंबरनाथला जुन्या कॉलनीत गेली होती. भाभीला दुकान लवकर बंद करता आलं म्हणून ती तीनलाच सासऱ्यांना घेऊन आली. अण्णा आत झोपले होते. आम्ही दोघींनी काकांना धरून जिना चढवला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. उंच, गोरे, पांढरा लेंगा-सदरा घातलेले काका फरशीकडे बघत बसले. मी म्हटलं, अण्णा उठतीलच, तोवर आत बसू. स्वयंपाकघरात भाभीने आल्या आल्या माठातलं पाणी आपल्या हाताने घेऊन प्यायलं, ओट्याला टेकली आणि बोलायला लागली. आम्ही खूप बोललो. तिने सासऱ्यांची नक्कल केली, मी अण्णांची केली, आणि तोंडाला पदर लावून आम्ही हसलो. मध्ये एकदा दारातून डोकावले तर अण्णा उठून आपल्या खुर्चीत येऊन बसले होते. समोर काका. दोघांचे हात आपापल्या मांडीवर थरथरत होते, दोघे गप्प. मला वाटलं, चला, जमलं. असली माणसं एकमेकांसमोर गप्प बसू शकतात हेही थोडं नाही. मी पुन्हा ओट्याशी आले.

चहा केला तो आम्ही दोघींनीच प्यायला, पुरुषांचा नंतर करू म्हणून. मग भाभीला एकदम उशीर झाला. काकांच्या गोळीची वेळ होत आली होती आणि गोळी घरी राहिली होती. अण्णा तेवढ्यात पुन्हा आत गेले होते. "अंकलना सांगा, परत येतो," असं म्हणत तिने सासऱ्यांना उठवलं, आम्ही त्यांना खाली नेलं, रिक्षात बसवलं.

मी वर आले तर अण्णा बाहेरच्या खोलीत उभे होते. पांढरा शर्ट घातलेला, सगळी बटणं स्वतः लावलेली, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. घड्याळाकडे बघत होते.

म्हणाले, "चार वाजले. पाहुणे अजून आले नाहीत?"

मला आधी कळेचना. मग कळलं. मी म्हटलं, "अण्णा, ते येऊन गेले. तुमच्यासमोर बसले होते की."

अण्णांनी हळूहळू मान वळवून खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. "तो?" ते म्हणाले. "पांढऱ्या कपड्यातला?"

"हो."

"मी विचारलं त्याला. चहा घेणार का. दोनदा विचारलं. तो काही बोलला नाही. मला वाटलं, आज नवीन आलाय एक."

काकांना 'नको' एवढा शब्द ओठांवर आणायला किती वेळ लागतो ते मला भाभीने सांगितलेलं होतं. तो यायच्या आत अण्णांनी त्यांना नापास केलं होतं आणि उठून आत शर्ट घालायला गेले होते, खऱ्या पाहुण्यासाठी.

मी हसून न्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, त्यात काय, पुढच्या रविवारी परत बोलावू, चूक काय फक्त तुमचीच होती का. अण्णा खुर्चीत बसले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, कारण त्यांचा आवाज पोचत नव्हता.

"गावात एक दुकान होतं," ते म्हणाले. "मला मीठ आणायला पाठवायचे. पायरीवर चढायचं नाही, खाली उभं राहायचं. लोक यायचे, माल घेऊन जायचे. माझ्या मागून आलेले पण जायचे. दुकानदार माझ्याकडं सरळ बघायचा आणि मी त्याला दिसायचो नाही. रोज. मला वाटायचं, मी खरंच आहे का? हाताला चिमटा काढून बघायचो."

हे त्यांनी मला त्याआधी कधीच सांगितलं नव्हतं. आईलाही नव्हतं, हे मला पुढे कळलं.

"म्हणून मी घर केलं तेव्हा ठरवलं होतं. माझ्या दारात आलेल्या माणसाला आधी विचारायचं. आणि आज माझ्या घरात एक माणूस येऊन बसला, आजारी माणूस, आणि मी त्याला माणसात धरलं नाही." ते थांबले. चेहरा तसाच होता, दगडी, पण डोळ्यांतून पाणी खाली येत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात वर जात नव्हता. "उद्या डॉक्टरीणबाईंना सांग. सगळं सांग."

मी भांडले. मला फार राग आला होता, त्यांचा नाही, कुणाचा ते अजून कळत नाही. मी म्हटलं, तुम्ही चालायचे बंद व्हाल. बटणं आम्हाला लावावी लागतील. एका चुकीसाठी, एवढ्याशा गोष्टीसाठी?

"एवढ्यासाठीच," अण्णा म्हणाले.

गोळ्या एकदम नाही, थोड्या थोड्या करून कमी केल्या. माणसंही तशीच गेली. आधी मुलं गेली. मग छत्रीवाला दिसेनासा झाला. पाठमोरी बाई सगळ्यात शेवटी गेली, आणि अण्णा म्हणाले की जातानाही तिने तोंड दाखवलं नाही. मला वाटलं होतं, आता घर मोकळं वाटेल. तसं झालं नाही. त्या खुर्चीत बसायचं म्हटलं की माझे पाय अजून अडखळायचे, आणि आई टेबलाखाली पुसायला लागली तेव्हा तिचा हात तिथे जाऊन क्षणभर थांबायचा. तिला विचारलं तर चिडली. म्हणाली, कमरेत चमक भरली.

अण्णांचं चालणं गेलं. दाराशी आले की पाय फरशीला चिकटायचे. मी शाळेतून खडू आणून फरशीवर आडव्या रेघा मारल्या. रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उचलला जायचा, हे मला भाभीने शिकवलं होतं. आई पुढे उलटी चालत "या, या" म्हणायची आणि तिच्या हातात हात देऊन अण्णा एकेक रेघ ओलांडायचे. काही दिवसांनी रेघाही पुरेनात. मग ते लोखंडी कॉटवरच बसून असायचे. बटणं आई लावायची. पहिल्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून होते. नंतर सवय झाली, त्यांना आणि तिलाही.

भाभी पुन्हा औषधाच्या दुकानात भेटली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता पायरीवर बसली. म्हणाली, "टीचर, काय सांगू! त्या दिवशी पापा घरी येऊन म्हणाले, उस घर में कोई नहीं था. एक आदमी बैठा था, लेकिन उसकी पलक ही नहीं झपकती थी. मी बोलले, अरे तेच तर ते! पण पापांचा तोच हिशोब आहे, जो पलक नहीं झपकता वो है ही नहीं." काकांचंही स्वतःचं माप होतं आणि त्यात अण्णा नापास झाले होते. हे घरी येऊन सांगितलं तेव्हा अण्णांच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता हे आईने ओळखलं.

काका पुन्हा आले ते थंडीच्या दिवसांत. या वेळी मी कुठेही गेले नाही. भाभीने काकांना कॉटसमोर बसवलं आणि त्यांचा हात धरून अण्णांच्या हातावर ठेवला. दोन्ही हात थरथरत होते, दोघांचा ताल वेगळा होता. अण्णांनी चहाचं विचारलं आणि मग वाट पाहिली. आम्ही सगळ्यांनी वाट पाहिली. भिंतीतला नळ ऐकू येण्याइतकी शांतता झाली. बऱ्याच वेळाने काकांचे ओठ हलले. "नहीं, अदा. पी के आया हूँ." अदा म्हणजे भाऊ, भाभीने सांगितलं. आईने डोळे पुसले आणि आधण ठेवायला गेली.

त्यानंतर ते दोघे तास-तासभर बसायचे. दर काही दिवसांनी एकेक वाक्य व्हायचं. मला त्याचा कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण मी वह्या घेऊन तिथेच बसायची. काकांच्या गोळ्या तेवढ्याच होत्या. त्यांना माणसं दिसत राहिली होती आणि भाभीच्या घरच्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

एका दुपारी काका अण्णांच्या उजव्या खांद्यापलीकडे बघायला लागले. तिथे कॉट आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी फट होती. काका बघतच राहिले. मग त्यांनी मान लववली, कुणाला तरी नमस्कार केल्यासारखी.

"अदा," ते म्हणाले. शब्द फार लांबून येत होते. "ये भाई... कब से खड़े हैं."

मी "काका, वहाँ कोई नहीं है" म्हणायला तोंड उघडलं, तर अण्णांचं बोट मांडीवरून किंचित वर झालं. मला गप्प बसवायची त्यांची तेवढीच खूण उरली होती.

अण्णांना तेव्हा कुशीवर वळवायलाही आम्ही दोघी लागायचो. त्यांनी डावा हात कॉटच्या कडेवर नेला. बोटं कडेभोवती मिटायलाच वेळ गेला. मग ते पुढे झुकले, मागे आले, पुन्हा पुढे झुकले, जसं डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं. कपाळावर घाम आला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, तिने मदतीला पाऊल उचललं आणि मी तिचा पदर धरून तिला थांबवलं. कॉट करकरली. अण्णा सरकले. थोडे थांबले, आणि आणखी सरकले, आणि त्यांच्या उजव्या बाजूला एका माणसापुरती जागा झाली.

काका त्या जागेकडे बघत होते. मग त्यांचा खांदा सैल पडला. "बैठ गए," ते म्हणाले.

अण्णांची मान तिकडे वळत नव्हती. समोर बघतच त्यांनी मला विचारलं, "नीट बसलेत ना?"